एक्झॉस्ट फॅन नक्की कोणाचा?

तुमच्या बाथरूममधल्या एक्झॉस्ट फॅनचा मूळ रंग कोणता, हे वर न बघता सांगता येईल? शेअरिंगमध्ये राहणाऱ्या ओळखीच्यांना मी हा प्रश्न विचारला. बहुतेकांचं उत्तर होतं, 'ग्रे'. एकाने तर उलट मलाच विचारलं, "आमच्याकडे फॅन आहे?"

मंडळी, तो ग्रे रंग कंपनीने दिलेला नाहीये. ती आपली कमाई आहे.

चौघांच्या फ्लॅटमध्ये फ्रिजचे कप्पे वाटलेले असतात, चार्जिंगचे पॉइंट वाटलेले असतात, कचरा कोणी कधी न्यायचा यावरून ग्रुपवर महाभारत झालेलं असतं. फॅन मात्र कोणाच्याच वाट्याला आलेला नसतो. मालक म्हणतात, वापरता तुम्ही. आपण म्हणतो, फ्लॅट तुमचा. मावशींचं काम फरशीपर्यंत ठरलेलं. आणि ११ महिन्यांचा करार संपला की आपण निघणारच, मग कशाला हात काळे करा? माझं मत सरळ आहे. साफ करणं आपलं काम, दुरुस्त करणं मालकांचं. या दोन गोष्टींची सरमिसळ करून दोन्ही बाजू हात झटकतात.

धूळ, गळलेले केस, टाल्कम पावडर आणि रोजची वाफ मिळून पात्यांवर चिकट थर बसतो. पाती जड होतात, मोटर जास्त तापते, फॅन घरघर करतो आणि हवा जेमतेम ओढतो. बाहेर न गेलेली वाफ छतावर बसते. मग कुबट वास, न वाळणारा टॉवेल, कोपऱ्यातले काळे ठिपके. ती बुरशी असते, आणि रूममेटला दमा किंवा ॲलर्जी असेल तर त्याला ती आपल्याआधी जाणवते. वर निघताना रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापले की मालकांच्या नावाने बोटं मोडायला आपण तयार!

'बिल वाढतं' म्हणून फॅन बंद ठेवणारा एक जण प्रत्येक फ्लॅटमध्ये असतो. त्याला हा हिशोब दाखवा. ३० वॅटचा फॅन रोज अर्धा तास चालला तर महिन्याला अर्धा युनिटही होत नाही. आंघोळ झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं तो चालू राहू दे.

आता सफाई. आधी मेन एमसीबी पाडा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये स्विच चुकून न्यूट्रलवर बसवलेला असू शकतो, म्हणजे बटण बंद असूनही फॅनपर्यंत करंट. उलट्या बादलीवर चढायचं नाही, सोसायटीच्या वॉचमनकाकांकडे शिडी मागा. फरशी कोरडी हवी. जाळी काढून भांडी घासायच्या लिक्विडच्या कोमट पाण्यात बुडवा. पाती निघत असतील तर तीही. मधला नट काही फॅनमध्ये उलट्या दिशेने सुटतो, त्यामुळे जोर लावण्याआधी दिशा बघा. मोटरवर पाणी अजिबात नको, तिथे जुना कोरडा टूथब्रश पुरतो. बाहेरच्या झडपा अडकल्या असतील तर त्याही मोकळ्या करा. सगळं पूर्ण वाळल्यावरच बसवा. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे, एका एपिसोडएवढं.

हो, आणि कबुतरं! डक्टकडे तोंड असलेल्या फॅनमागे त्यांचा संसार असतोच असतो. २०२५मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत केवढा वाद पेटला होता, आठवतंय ना? तुमच्या बाथरूमबाहेरची विष्ठाही तीच असते. सुकलेली विष्ठा झाडली की तिची धूळ फुप्फुसात जाते. मास्क लावा, आधी पाणी शिंपडून ओली करा, मग पुसा. घरट्यात अंडी असतील तर पिल्लं उडेपर्यंत थांबा, एवढा माणुसकीचा भाग.

नंतर जाळीजवळ टिश्यू पेपर धरा. चिकटून राहिला तर फॅन हवा ओढतोय. नाही राहिला तर दाराखाली फट आहे का बघा, कारण हवा आत आलीच नाही तर फॅन बाहेर काय फेकणार? फट असूनही चिकटत नसेल, मोटर जळका वास देत असेल किंवा वायर उघडी असेल, तर मात्र स्वतः हिरोगिरी करू नका. फोटो काढा, मालकांना मेसेज टाका. लेखी राहिलेलं बरं.

एका बाबतीत तर मालकांना अजिबात सूट देऊ नका, ती म्हणजे बाथरूमच्या आत लावलेला गॅस गिझर. बंद, छोट्या जागेत गॅस जळताना पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. 'गॅस असला तर वास येईल की' हा भ्रम आहे. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम मिसळलेला असतो, कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो आणि रंगही. तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो. डोकं जड होतं, चक्कर येते, आणि कडी काढायला हात पोहोचण्याआधी माणूस कोसळू शकतो. 'एक्झॉस्ट फॅन आहे ना, मग काय टेन्शन' असं ब्रोकर म्हणाला तर ऐकू नका. फॅन कितीही चकाचक असला तरी हे काम त्याचं नाही. गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत हलवायला सांगा किंवा इलेक्ट्रिकचा मागा. चौघांनी मिळून मागा, एकट्याला मालक 'बघतो' म्हणून टोलवतात. आणि तो हलेपर्यंत बादली बाहेर भरून घ्या, गिझर बंद करा, मगच आंघोळीला जा.