बांधावरची रंगपेटी

शिरूर-दौंड भागातल्या मुलांना चित्र काढायला सांगितलं की बहुतेकांच्या कागदावर तेच येतं: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, निळीशार नदी आणि काठावर नारळ. आमची घोड नदी अशी निळी नाही, भीमाही नाही, आणि नारळ शोधावा लागतो तिथे बाभळी मात्र पावलोपावली आहेत. मूल रोज जे बघतं तेच त्याच्या चित्रात नसावं, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून रंगपेटी हातात देण्याआधी मुलांना एकदा बांधावर न्यावं असं मी आग्रहाने सांगते.

माळावरचा तांबूस मुरूम, उसाच्या रानातली काळीभोर माती, नांगरटीत वर आलेले चुनखडीचे खडे, ओढ्याकाठचा राखाडी गाळ. ढेकूळ वाळवून बारीक कुटायचं आणि पाण्यात कालवायचं. वाळू तळाला बसली की वरचं गढूळ पाणी लगेच दुसऱ्या भांड्यात ओतायचं. ते निवळलं की खाली लोण्यासारखा मऊ थर राहतो, तो आपला रंग. नुसताच लावला तर वाळल्यावर बोटाला निघतो. म्हणून त्यात रात्रभर भिजवलेल्या बाभळीच्या डिंकाचं पाणी घालायचं. दुकानातल्या जलरंगातही बाभळीच्याच जातकुळीतल्या झाडाचा डिंक असतो.

बाभळीचं देणं एवढ्यावर संपत नाही. तिच्या शेंगा आणि गंजके खिळे एकत्र भिजत घातले की शेंगांमधला तुरटपणा आणि लोखंड मिळून काळी शाई होते. कोवळी काडी दातवणासारखी ठेचली की ब्रशही तयार.

अजिंठ्याच्या चित्रकारांनीही लाल-पिवळी काव, हिरवी माती, चुना आणि काजळी वापरली. ती लेणी ज्या दख्खनच्या काळ्या खडकात कोरली, तोच खडक शिरूर-दौंडच्या शिवाराखाली आहे. निळा मात्र त्यांनाही जवळ मिळाला नाही. त्यासाठी लागणारा लाजवर्द दगड थेट अफगाणिस्तानातून यायचा.

मुलांना निळा हवाच असतो. कुंपणावरच्या गोकर्णीची फुलं गरम पाण्यात टाकली की तो मिळतो. त्या निळ्यावर लिंबाचा एक थेंब पडला की डोळ्यांदेखत जांभळा होतो, आणि मग मुलं कागद सोडून लिंबाच्याच मागे लागतात. लागू द्यावं. फड्या निवडुंगाच्या पिकल्या बोंडांचा राणी रंग तर दुकानात मिळणार नाही असा; फक्त बोंडं मोठ्यांनी चिमट्याने तोडून जाळावर धरावीत, नाहीतर बारीक कुसं बोटांत रुततात. रुई, धोतरा, कण्हेर यांना हात लावू नये आणि कारखान्याच्या नाल्याकाठची माती आणू नये.

फुलांचे रंग उन्हात उडतात, हे मुलांना आधीच सांगावं. ती चित्रं वहीत ठेवावीत, मातीची खुशाल भिंतीवर लावावीत.

चित्रकलेच्या शिक्षकांना एक विनंती. शिरूरच्या एखाद्या शाळेने दौंडच्या शाळेला मुरमाची पुडी पाठवावी, तिकडून काळी माती मागवावी. पुडीवर गावाचं आणि शिवाराचं नाव मुलांनीच लिहावं.