सरहद्दी पुसणाऱ्यांचा तास

शिक्षकांपुढल्या व्याख्यानांतून एक विद्वान सध्या सांगत फिरताहेत की शाळेतलं राज्यशास्त्र आता मोडीत काढावं. म्हणणं थोडक्यात असं: जग ही एकच बाजारपेठ झाली, बहुराष्ट्रीय कंपन्यांची उलाढाल कित्येक देशांच्या उत्पन्नाच्या पुढे गेली, सरहद्दी नकाशापुरत्या उरल्या. तेव्हा सार्वभौमत्व वगैरे घोकून घेण्यापेक्षा मुलांना ‘जागतिक नागरिक’ करा. टाळ्या पडतात. अभ्यासक्रम कमी होणार म्हटल्यावर पडणारच.

उलाढालीचं आधी उरकतो. वडापाववाल्याच्या गल्ल्यात दहा हजार जमले आणि त्यातले सात हजार पाव-बटाटा-तेलाचे गेले, तर त्याने घातलेली भर तीन हजारांची. देशाचं उत्पन्न अशा भरीची बेरीज करून काढतात. कंपनीची उलाढाल म्हणजे अख्खा गल्ला. या दोहोंची तुलना करण्याची चूक दहावीच्या पोराने केली तर गुण कापतात.

खरं भांडण सरहद्दींचं आहे. या गृहस्थांना एकदा गुहागर तालुक्यात नेलं पाहिजे. अमेरिकी एन्रॉनची दाभोळ वीज कंपनी तिथे आली ती काही बाजाराच्या वाऱ्यावर उडत आली नाही. १९९३ साली राज्य वीज मंडळाशी करार झाला. मंडळाने वीज उचलली न उचलली तरी क्षमतेचा आकार भरायचाच. मंडळ थकलं तर राज्य सरकारची हमी, राज्य थकलं तर केंद्राची प्रतिहमी. १९९५ मध्ये राज्यात सरकार बदललं आणि करार रद्द झाला. कंपनीने लंडनमध्ये लवाद मागितला. मग पुन्हा बोलणी होऊन करार नव्याने झाला. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, वीज महाग पडली, २००१ मध्ये मंडळाने ती घेणं थांबवलं. या तंट्यात कंपनीने बाहेर काढली ती केंद्राची प्रतिहमीच. कर्जाला आणि राजकीय जोखमीच्या विम्याला अमेरिकी सरकारची संस्था होती. सरहद्द ओलांडलेली म्हणतात ती कंपनी ही अशी: अलीकडे एक सरकार, पलीकडे दुसरं, आणि मधे सही-शिक्क्याचे कागद! त्याच वर्षी डिसेंबरात तिच्या मूळ कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. सरकारं दोन्हीकडची जागेवर राहिली.

ईस्ट इंडिया कंपनीचा दाखला हे विद्वान देतातच. तिला १६०० साली सनद इंग्लंडच्या राणीने दिली, १६६८ मध्ये मुंबई वर्षाला १० पौंड भाड्याने राजाने दिली, आणि १८५८ मध्ये राज्य काढून घेतलं ते पार्लमेंटने.

कंपनी उभी राहते ती सरकारच्या सहीवर, हे आमच्या जुन्या स्वदेशीवाल्या मित्रांनाही कधी पटलं नाही. नव्वदच्या दशकात त्यांच्याशी रात्र-रात्र वाद घातलेत. त्यांच्या लेखी शीतपेयाची बाटली म्हणजे गुलामगिरी आणि आपलं सरकार म्हणजे बिचारं. करारावर सही कुणी केली, हे विचारलं की चहा मागवायचे.

‘मुलांना हे सरकार-कंपनीचं गणित जड जाईल’ या आक्षेपाला उत्तर देण्यात अर्थ नाही. कांदा पिकवणाऱ्या निफाडच्या मुलाला कांद्याचा भाव विचारून पाहा.

मग शिकवायचं काय? माझ्याकडे भव्य आराखडा नाही. कागद वाचायला शिकवा, एवढंच. ७ डिसेंबर २०२३ ची कांदा निर्यातबंदीची अधिसूचना घ्या. दुसऱ्याच दिवशी लासलगावला लिलाव बंद पडले. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क लावून. हा हुकूम कुणाच्या अधिकारात निघाला, तो कुणासाठी निघाला, शहरातल्या गिऱ्हाइकाचं काय वाचलं, शेतकऱ्याचं काय गेलं, दुबईच्या व्यापाऱ्याने मग माल कुठून उचलला, हे प्रश्न नववीच्या वर्गात सहज चालतील. सगळ्यांची उत्तरं गुरुजींकडे नसतील, हरकत नाही.

नववीला राज्यशास्त्र शिकवणाऱ्यांना विनंती एवढीच की पुढचं व्याख्यान चुकवा आणि तो तास या अधिसूचनेला द्या.