अतिथी, दुपारी दोन वाजता या!

‘अतिथी’ या शब्दाची फोड मी गेली वीस वर्षे वर्गात करून दाखवीत आलो आहे. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी. फळ्यावर हे लिहिताना खडू कधी अडखळला नाही. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटीत महाबळेश्वरच्या एका रिसॉर्टने मला या शब्दाचा नवा अर्थ शिकविला. ज्याची तिथी ठरलेली आहे, ज्याने पैसे महिनाभर आधी भरले आहेत, आणि तरीही ज्याला दुपारचे दोन वाजेपर्यंत उंबऱ्याबाहेर तिष्ठावे लागते, तो अतिथी! मास्तराला दुसऱ्या कुणी शिकविले की राग येतो, असे म्हणतात. मलाही आला. तो मी वर्षभर जपून ठेवला. फराळाच्या ताटात चकलीही असावी लागते; म्हणून आज तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

सोलापूरकरांना थंड हवेचे वेड का, हे उन्हाळ्यात एकदा सोलापुरात राहिल्याशिवाय कळायचे नाही. वर्षभर पै पै साठवून आम्ही दोन दिवसांचे महाबळेश्वर ठरविले होते. आम्ही म्हणजे मी, बायको, दोन मुले आणि बहात्तर वर्षांची आई. रात्रीच्या एसटीने सातारा गाठायचे, तिथून पहाटेची गाडी धरून वाई, पसरणीचा घाट, पाचगणी असे करीत वर चढायचे. रात्रीचा प्रवास आमच्यासारख्यांना सोयीचा असतो. दिवस मोडत नाही आणि एका रात्रीचे भाडे वाचते. सकाळी सहाच्या सुमारास आम्ही त्या रिसॉर्टच्या दाराशी उतरलो तेव्हा धुके असे दाटले होते, की पुढची माणसे नुसती सावल्यांसारखी दिसत होती. धाकटी कुडकुडत होती. आईचे पाय सुजले होते. सगळ्यांच्या मनात एकच चित्र होते : बादलीभर कढत पाणी, कपभर चहा आणि तासभर आडवे होणे.

आत गेलो. भिंतीवर पितळी अक्षरांत उपनिषदातले ते अतिथीविषयीचे प्रसिद्ध वचन झळकत होते. त्याच्याच खाली एक टाय बांधलेला तरुण बसला होता. त्याने यंत्रात आमचे नाव पाहिले, गोड हसला आणि म्हणाला, “सर, चेक-इन दुपारी दोनला आहे.”

मी म्हणालो, “बरोबर आहे. पण आम्ही आता आलो आहोत.”

“रूम तयार नाही, सर. साफसफाई व्हायची आहे.”

हे मला पटले. कुणीतरी आत झोपले असेल, त्याला माझ्यासाठी उठवा असे म्हणण्याइतका मी आडमुठा नाही. मी निमूट बाकाकडे वळलो. तेवढ्यात तो तरुण पुढे म्हणाला, “तुम्हाला लगेच हवी असेल तर अर्ध्या दिवसाचा चार्ज भरा. दहा मिनिटांत रूम देतो.”

वाचकहो, इथे थोडे थांबा. माझे सारे भांडण या एका वाक्याशी आहे. खोली तयार नव्हती. पण अर्ध्या दिवसाचे भाडे मोजले की ती दहा मिनिटांत तयार होणार होती! म्हणजे आत कुणी झोपले नव्हते. चादरी बदललेल्या होत्या, नळाला पाणी होते. फक्त माझे पैसे कमी पडत होते. नोटा दाखविल्या की खोली लख्ख, न दाखविल्या की अस्वच्छ! ही कुठली केरसुणी? सहा माणसांच्या घरात वाढलेल्या मला केरसुणीचे पुष्कळ प्रकार ठाऊक आहेत, पण हा नव्हता.

पैसे भरणे मला शक्य नव्हते असे नाही. घोड्यावरचे आणि नौकेतले पैसे त्यात गेले असते, एवढेच. पण मुलांच्या सहलीतून खंडणी काढून द्यायला मन तयार होईना. मी नाही म्हणालो. तोवर आईने बायकोच्या कानात काही सांगितले. बायकोने त्या तरुणाला स्वच्छतागृह कुठे आहे, असे विचारले. त्याने एका पाटीकडे बोट केले. पाटीवर लिहिले होते : ‘फक्त निवासी पाहुण्यांसाठी.’

“अहो, पण आम्ही निवासीच आहोत ना?” बायको म्हणाली.

“दोन वाजता व्हाल, मॅडम.”

त्याच्यावर मी रागावत नाही. रात्रभर जागून त्याचेही डोळे लाल झाले होते. नियम त्याने केलेला नव्हता. नियम करणारे त्या वेळी आपापल्या घरी दुलईत होते. आम्ही बॅगा उचलून बाहेर आलो. फाटकावरच्या वृद्ध राखणदाराने आईकडे पाहिले, स्वतःची खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाला, “आजी, बसा हितं. मागं आमच्या लोकांची मोरी हाय, तिकडं न्हेतो. चुलीवर पानी बी हाय.” त्या माणसाच्या खोलीच्या भिंतीवर उपनिषद नव्हते. पत्र्याची भिंत होती, आणि तिच्यावर जुने कॅलेंडर लटकत होते.

आता त्या मंडळींची बाजू मांडतो. नाहीतर हा मास्तर एकतर्फी बोलतो असे म्हणाल. ते म्हणतील, खोल्या झाडायला वेळ लागतो, आदल्या पाहुण्याला सकाळी हाकलता येत नाही, आणि वेळेचा नियम आगाऊ छापलेला असतो. सारे खरे. छापलेला होता, तो मी घरी परतल्यावर भिंग लावून वाचला. पण तोच कागद हेही सांगतो, की जाताना सकाळी दहाला खोली सोडायची. दुपारी दोनला आत, सकाळी दहाला बाहेर. तिसरीतल्या मुलालाही हे गणित घालता येईल : दोन दिवसांचे, म्हणजे ४८ तासांचे पैसे घेऊन पाहुण्याला ४४ तास देतात. उरलेले चार तास झाडलोटीचे म्हणून कापतात. पुढे त्यांतलेच तास पहाटे आलेल्या माणसाला पुन्हा वेगळ्या भावाने विकतात. किराणा दुकानदाराने असे माप मारले तर आपण वजनकाट्याच्या साहेबाकडे धावतो. इथे मात्र त्याला ‘पॉलिसी’ म्हणतात आणि आपण मान डोलावतो.

दुसरी रीत शक्यच नाही म्हणाल, तर ते खोटे आहे. स्टेशनाजवळच्या साध्या लॉजांत अजूनही ‘चोवीस तास’ अशी पाटी दिसते. ज्या तासाला याल, त्या तासापासून दिवस मोजायचा. पहाटे चारला आलात तर दुसऱ्या पहाटे चारपर्यंत खोली तुमची. ज्याच्याकडे यंत्र नाही, फक्त एक लांबट वही आणि दोऱ्याने बांधलेले पेन आहे, त्याला हे साधते. आणि ज्याच्याकडे यंत्रे, टाय आणि पितळी अक्षरे आहेत त्याला साधत नाही!

आमच्या जिल्ह्याला तर पाहुण्याचे वेळी-अवेळी येणे नवे नाही. आषाढीला पंढरपुरात लाखो माणसे उतरतात. कुणाची दिंडी मध्यरात्री पोचते, कुणाची पहाटे. मठ, धर्मशाळा, वाड्यांच्या ओसऱ्या भरून जातात. ‘माउली, दोन वाजता या’ असे तिथे कुणी म्हटल्याचे मी ऐकले नाही. सोलापूरच्या विद्यापीठाला २०१९ साली अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. त्या बाईने देशभर घाट बांधले, विहिरी खोदल्या, धर्मशाळा उभारल्या. धर्मशाळेचे मर्म एवढेच असते, की दमलेल्या माणसाला येण्याची वेळ विचारायची नाही. माझ्या लहानपणी गिरण्यांचे भोंगे अजून वाजत. रात्रपाळीचा माणूस पहाटे चाळीत परतला की कुणाच्या ना कुणाच्या घरी बंब पेटलेला असे आणि पाणी मागायला संकोच वाटत नसे. ते भोंगे आता बंद झाले, म्हणून माणुसकीचीही पाळी संपली असे का समजावे?

आणि महाबळेश्वरने तरी हे विसरू नये. हे गाव थंड हवेचे ठिकाण झाले तेच मुळी थकल्या-भागल्यांना, आजाऱ्यांना विसावा मिळावा म्हणून. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून ही जागा घेतली, बदल्यात खंडाळा गाव दिले, आणि पेठेला त्याचे नाव पडले. महाराजांनी त्याला दुपारी दोनची वेळ घातली नाही. दहा वर्षांत त्याच पाहुण्यांच्या सरकारने महाराजांना गादीवरून उतरवून काशीला धाडले, हा भाग निराळा. आगतस्वागताची शिक्षा यजमानालाही भोगावी लागते खरी. पण त्याचा सूड सोलापूरच्या एका म्हातारीवर काढण्याचे कारण नाही.

मला फुकट काही नको. माझ्या मागण्या तीनच आहेत. खोली रिकामी असेल तर आलेल्या माणसाला ती द्या आणि त्याच तासापासून चोवीस तास मोजा. रिकामी नसेल तर बसायला एक उबदार खोली, एक न्हाणीघर आणि कढत पाणी ठेवा; त्याचे वाजवी पैसे घ्या, मी देईन. आणि हे काहीच जमत नसेल तर पैसे घेण्याआधी वेळेचा नियम इतक्या मोठ्या अक्षरांत सांगा, की माझ्या आईला चष्म्याशिवाय वाचता येईल. भिंतीवरचे वचन तेवढे उतरवून ठेवा. पितळ विकून एक बंब सहज येईल.

आणि आपण पाहुण्यांनीही थोडी भीड सोडली पाहिजे. आगाऊ पैसे भरताना ‘पहाटे आलो तर काय?’ हा प्रश्न आपण विचारीत नाही, कारण असे विचारणे आपल्याला गावंढळपणाचे वाटते. मी तरी आता विचारतो. उत्तर नीट आले नाही, तर दुसरा दरवाजा पाहतो.

दिवाळी हा पहाटेचा सण आहे. अंधारात उठून, तेल लावून, कढत पाण्याने न्हाण्याचा. त्याच सुटीत माझ्या आईच्या वाट्याला कढत पाणी आले ते एका राखणदाराच्या चुलीवरचे. परत येताना तिने दोन दिवसांत पाहिलेल्या कड्यांची आणि धबधब्यांची नावे एकदाही घेतली नाहीत. तिने फक्त त्या माणसाचे नाव विचारले होते का, असे मला विचारले. मी विचारले नव्हते. वीस वर्षे ‘अतिथी’ शिकविणाऱ्या मास्तराला यजमानाचे नाव ठाऊक नव्हते. या वर्षी त्याच्यासाठी फराळाचा डबा भरून आम्ही पुन्हा निघणार आहोत. गाडी रात्रीचीच आहे. पहाटे पोचू.