गेटबाहेरचीही जबाबदारी

साखर कारखान्यातला एक पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला आणि कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात दगावला. हा मृत्यू नोकरीच्या ओघात घडला की नाही, यावर शेवटचा निवाडा झाला तो जुलै २०२५ मध्ये. उच्च न्यायालयाने नाकारलेली भरपाई सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मान्य केली. वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल, तर कामावर जाता-येताना झालेला अपघातही नोकरीतलाच, असे न्यायालयाने म्हटले. कर्मचारी राज्य विमा कायद्यात ही तरतूद २०१० मध्येच आली होती.

कायद्याला जे दिसते, ते कारखानदारांना दिसत नाही. चाकण, भोसरी, रांजणगावात पाळी सुटली की दुचाकींचा लोंढा अवजड कंटेनरांच्या मधून वाट काढतो. गेटवर सुरक्षारक्षक अडवतो म्हणून आत शिरताना डोक्यावर असलेले हेल्मेट बाहेर पडताच कोपरावर येते. वळसा वाचवायला राँग साइड, रिक्षाचे पैसे वाचवायला ट्रिपल सीट. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरची ४४.५ टक्के होती, आणि हेल्मेट न घातलेली ५०,०२९.

हेल्मेट चालवणाऱ्यालाही सक्तीचे आहे आणि मागे बसणाऱ्यालाही. ते न घालण्याचे, घातले तरी पट्टा न लावण्याचे समर्थन होऊच शकत नाही. पण नुसत्या पावत्या फाडून हा प्रश्न सुटणार नाही. पाच मिनिटांच्या उशिराला अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाणार असेल, तर कामगार गाडी दामटणारच. रात्रपाळीनंतर ओव्हरटाइम करून निघालेल्याचे डोळे हँडलवरच मिटतात. अनेक ठिकाणी कंपनीची बस कायम कामगारांपुरती असते. कंत्राटी कामगाराने आपले आपण पाहायचे.

म्हणून कंपन्यांनी सेफ्टी शूजबरोबर आयएसआय हेल्मेटही द्यावे, कंत्राटी कामगारांना बसमध्ये जागा द्यावी, शेजारच्या कारखान्यांशी बोलून पाळ्या सुटण्याच्या वेळा पुढेमागे कराव्यात. रस्त्यावरचे दिवे आणि दुभाजकातले धोकादायक छेद हे एमआयडीसी व महामार्ग यंत्रणांचे काम आहे. ‘अपघातविरहित दिवस’ मोजणारे फलक गेटोगेटी झळकतात. त्या हिशेबात येण्याजाण्यातले अपघातही धरले जावेत. ते धरले की व्यवस्थापनाला रस्ता दिसू लागेल.