सोमवारी सॉल्ट लेकवर मॅच आणि त्याच वेळी आयपीएल : आपल्या फोनवर गोल कधी पोहोचणार?

सोमवारी, १५ एप्रिल २०२४ ला, संध्याकाळी साडेसात वाजता मुंबई सिटी एफसी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागानशी खेळणार होती. आयएसएलच्या लीग टप्प्यातली दोघांचीही ही शेवटची मॅच. २१ सामन्यांनंतर मुंबईचे ४७ पॉइंट होते, बागानचे ४५. मॅच ड्रॉ झाली तरी लीग शील्ड मुंबईचं, बागानला मात्र जिंकावंच लागणार होतं. शील्डसोबत आशियातल्या क्लब स्पर्धेचं तिकीटही होतं. आयएसएलमध्ये बागानला मुंबईविरुद्ध तोपर्यंत एकदाही जिंकता आलेलं नव्हतं. हे वाचून बरं वाटतं, आणि भीतीही वाटते. असे रेकॉर्ड नेमके अशाच दिवशी तुटतात.

मी नागपूरचा. आम्हाला मुंबई सिटीची प्रत्येक मॅच अवेच असते. अंधेरीचं मैदान आठशे किलोमीटरच्या पलीकडे, आणि सॉल्ट लेक दुसऱ्या दिशेला त्याहून लांब. गीतांजलीत संध्याकाळी बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा येतं हे खरं, पण सोमवार-मंगळवार ऑफिस आहे आणि या आठवड्यातली सुट्टी १९ तारखेच्या मतदानासाठी राखलेली. त्यामुळे आमचा स्टँड म्हणजे फोन. आणि यावेळी गोची अशी की त्या सोमवारी साडेसातलाच बंगळुरूत आरसीबी विरुद्ध हैदराबाद होती. दोन्ही मॅच तेव्हा एकाच अ‍ॅपवर, जिओसिनेमावर, फुकट होत्या.

मग फुटबॉल अडकणार का? आमच्या ग्रुपवर दोन दिवस हाच विषय चालू आहे.

आधी मॅच फोनपर्यंत येते कशी ते पाहू. कॅमेऱ्यातलं चित्र प्रॉडक्शन टीमकडे जातं, तिथून एन्कोडरकडे. एन्कोडर त्याच चित्राच्या चार-पाच आवृत्त्या बनवतो, अगदी धुरकट ते एकदम स्वच्छ. प्रत्येक आवृत्तीचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात आणि ते देशभर ठेवलेल्या सर्व्हरवर, म्हणजे सीडीएनवर, जातात. फोन तिथून एकेक तुकडा मागवतो आणि दोन-तीन तुकडे जमा झाल्याशिवाय दाखवायला सुरुवात करत नाही. या साठ्याला बफर म्हणतात. नेट दोन सेकंद गेलं तरी चित्र थांबत नाही, ते या साठ्यामुळे. पण त्याची किंमत उशिरात मोजावी लागते. तुम्ही जे लाइव्ह बघता ते साधारण अर्ध्या मिनिटापूर्वी घडून गेलेलं असतं.

डिसेंबरमध्ये मुंबईने घरच्या मैदानावर बागानला २-१ हरवलं तेव्हा मला हे नीट कळलं. त्या मॅचमध्ये सात रेड कार्ड निघाली. माझ्या स्क्रीनवर खेळाडू अजून बॉलमागे धावत होते आणि ग्रुपवर मेसेज आला, 'अबे अजून एक लाल!' मी रूमभर ओरडलो, काऊन सांगता बे! चूक त्या मित्राची नव्हती, तो घरी टीव्हीवर बघत होता. टीव्हीचं सिग्नल या तुकड्यांच्या भानगडीतून जात नाही, म्हणून ते सहसा पुढे असतं. स्कोअर अ‍ॅपचं नोटिफिकेशन तर त्याहून चपळ. मैदानातला माणूस बटण दाबतो आणि दोन ओळींचा मजकूर निघतो. त्याला बफर लागत नाही.

आता आयपीएलचा प्रश्न. दोन मॅचचे व्हिडिओ वेगवेगळे असतात, त्यामुळे क्रिकेटची गर्दी थेट आपल्या तुकड्यांवर येऊन बसत नाही. लॉगिन, होमपेज, सीडीएनची क्षमता या गोष्टी मात्र सामायिक. नोव्हेंबर २०२२ मध्ये फुटबॉल वर्ल्ड कपच्या पहिल्याच दिवशी याच अ‍ॅपवर बफरिंगने लोक वैतागले होते. पुढच्याच वर्षी आयपीएल फायनलला त्याच अ‍ॅपवर एका वेळी ३.२ कोटी लोक होते आणि ते टिकलं. त्यामुळे सर्व्हरची मला फार काळजी नाही. माझी काळजी गल्लीतल्या टॉवरची आहे. साडेसातला अख्खी वस्ती कोहलीची बॅटिंग लावून बसणार, आणि टॉवरची क्षमता आपण सगळे वाटून घेणार. तुमच्या वाट्याला कमी आलं की प्लेअर आपोआप खालच्या आवृत्तीवर उतरतो. बॉल दिसेनासा होतो तो तेव्हा.

दुसरी गोष्ट डेटाची, आणि ती कुणी बोलत नाही. ७२०पी वर तासाला ढोबळमानाने एक ते दीड जीबी जातो. मॅच हाफटाइम धरून दोन तासांची. तुमचा पॅक दिवसाला दीड जीबीचा असेल तर साठाव्या-सत्तराव्या मिनिटाला स्पीड कोसळेल, म्हणजे बागान गोलसाठी जीव तोडून धावत असतील नेमकं तेव्हा. म्हणून क्वालिटी 'ऑटो'वर सोडू नका, ४८०पी वर पक्की करा. सहा इंची स्क्रीनवर फारसा फरक कळत नाही, आणि दिवसभर रील्स बघितले नसतील तर मॅच पूर्ण होते. वायफाय असेल तर प्रश्नच नाही.

मी स्वतः सव्वासातलाच अ‍ॅप उघडून बसणार आहे, कारण गर्दी लॉगिनवर होते, चालू असलेल्या व्हिडिओवर कमी. स्कोअर अ‍ॅपची नोटिफिकेशन बंद. मध्ये चित्र अडकलंच तर परत 'लाइव्ह'वर टॅप करायचं, नाहीतर जेवढं अडकलं तेवढे आपण मागे राहतो आणि शेवटपर्यंत मागेच राहतो. ग्रुपवर आम्ही नियम केलाय : ज्याचं स्ट्रीम सगळ्यात मागे, त्याने 'बघितलं' लिहिल्याशिवाय कुणी काही टाइप करायचं नाही. कोण मागे आहे हे ठरवायला किकऑफची शिट्टी ऐकू आली की प्रत्येकाने एक टिंब टाकायचं. मागच्या आठवड्यात करून बघितलं, पहिल्या आणि शेवटच्या टिंबात २८ सेकंदांचं अंतर निघालं. शेवटचं टिंब माझं होतं.