आधी स्वयंपाकाचं पुस्तक

दिल्ली गेटजवळच्या महिला हाटात रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. २०१९ पर्यंत तो दर्यागंजच्या फूटपाथवर होता. परवा तिथे एक विद्यार्थिनी दोन पुस्तकं घेऊन पेचात पडली होती, एक धर्मांच्या अभ्यासाची जाडजूड विद्यापीठीय ओळख, दुसरं ज्यू स्वयंपाकाचं, आणि पैसे एकापुरतेच. न विचारताच मी म्हटलं, “बेटा, स्वयंपाकाचं घे.” आपण मराठी माणसांनी तर डोळे मिटून तेच घ्यावं, कारण कोकणातले बेने इस्रायल ज्यू आपल्याच घरचे. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही तोरा या ज्यू धर्मग्रंथाची आज्ञा; तिच्यावरून मांस आणि दूध वेगळं ठेवण्याचा नियम आला, तो जाड ग्रंथात परिच्छेदभर वाचून विसरला जातो. पण अलिबागकडच्या बेने इस्रायली घरात मटणाच्या रश्शात नारळाचं दूध पडतं, नववर्षाचा चिकाचा हलवाही नारळाच्याच दुधात आटवतात, म्हणजे सामिष जेवणावर खुशाल खाता येतो. नियम असा जिभेवर बसतो! मलिद्याचं ताट बघा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुकामेवा, फळं, आणि त्यावर प्रेषित एलियाहू हन्नबीच्या नावाने हिब्रू प्रार्थना. एस्तेर डेव्हिड यांचं भारतीय ज्यूंच्या खाद्यसंस्कृतीवरचं ‘बेने अपेतीत’ जरूर मिळवा. सिद्धान्त नंतर वाचा, तेव्हा ते कळतीलही. आणि दिल्लीकरांनो, हुमायून रोडवर १९५६चं ज्युडाह हयाम सिनेगॉग आहे. तिथली धुरा वर्षानुवर्षं सांभाळणारे एझिकेल आयझॅक मालेकर मूळचे महाराष्ट्रातलेच.