तारेला हात कुणाचा, परवाना कुणाचा?

घोडबंदर रोडचे टॉवर बघा. कल्याणला खडकपाड्याचे बघा, डोंबिवलीत खाडीकडेला उठलेले बघा. दिवेलागणीला सगळे लखलखतात. जाहिरातीत बिल्डरचं नाव, आर्किटेक्टचं नाव, कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव. भिंतीच्या पोटातून ज्यानं वायर ओढली त्याचं नाव कुठंय? मित्रहो, जाहिरातीचं सोडा. ते हजेरीबुकातही नाही.

हा पोरगा कोण? वालधुनीचा, कोपरीचा, आंबिवलीचा, नाहीतर मराठवाड्यातून मावशीकडं राहायला आलेला. बापानं सफाईत नाहीतर कारखान्यात हाडं झिजवली आणि पोराला सांगितलं, झाडू नको, हातात कला घे. पोरानं आयटीआय केली. दोन वर्षं तारतंत्री, नाहीतर वीजतंत्री. सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून आता तो सकाळी आठला स्टेशनबाहेरच्या नाक्यावर उभा असतो. हातात पक्कड आणि टेस्टर. ठेकेदार येतो, गाडीवरूनच विचारतो, "वायरमन हाय का? हेल्परचा रोज देईन. यायचं तर बस."

आधी कायदा बघू. कारण आपली पोरं कायद्याला भितात आणि ठेकेदार कायदा खिशात घालून हिंडतो. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ४५ वा नियम होता. २००३ चा वीज कायदा आल्यावर केंद्रीय विद्युत प्राधिकरणानं तोच आशय २०१० च्या सुरक्षा विनियमांत आणला, पुढं २०२३ चे विनियम आले. सार एकच. वायरिंगचं काम लायसन्सवाल्या ठेकेदारानं घ्यायचं, सक्षमतेचा दाखला असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायचं, आणि तारेला हात लावणाऱ्याकडं परवाना पाहिजे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं असल्या किरकोळ कामाला तेवढी सूट.

कागदावर झकास. प्रत्यक्षात काय चालतं ते नाक्यावरचं शेंबडं पोरही सांगेल. लायसन्स एकाच्या नावावर. पर्यवेक्षकाचा दाखला दुसऱ्याचा, तोही महिन्याच्या भाड्यानं लावलेला. दाखलेवाला साइटवर फिरकत नाही. टेस्ट रिपोर्टवर सही तिसऱ्याची, मेगर न लावताच. शिडीवर चढलेला चौथा, आणि त्याच्याकडं परवाना आहे का हे कुणी विचारत नाही. असला तरी भाव तोच, नसला तरी तोच. ठेकेदार वरून पॉइंटच्या हिशेबानं पैसे घेतो आणि पोराला रोजावर ठेवतो. पॉइंट वाढले तर पैसा ठेकेदाराचा. रोज बुडाला तर पोराचा. सगळेच ठेकेदार असे नाहीत म्हणाल. नसतील. पण मालकाच्या चांगुलपणावर अवलंबून असते ती मजुरी नव्हे, भीक.

त्या विनियमांत तारेची जमिनीपासूनची उंची आहे, अर्थिंग आहे, इन्सुलेशन आहे, इमारतीपासून किती अंतर ठेवायचं ते आहे. तारेची एवढी काळजी! तार ओढणाऱ्याच्या मजुरीबद्दल एक ओळ नाही.

शहाणे सांगतात, मजुरीचा कायदा वेगळा आहे. आहे की. १९४८ चा किमान वेतन कायदा होता, आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी वेतन संहिता आली. त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा पायऱ्या आहेत. पण गोम कुठंय ती ओळखा. विद्युत निरीक्षक तार बघतो, हजेरीपट बघत नाही. कामगार खात्याचा अधिकारी कधी आलाच तर हजेरीपट बघतो, परवाना बघत नाही. मग परवानाधारक कुशल कामगार हजेरीपटावर 'हेल्पर, अकुशल' म्हणून चढतो आणि दोन्ही खात्यांच्या फाइली स्वच्छ राहतात. दोन कचेऱ्यांच्या मधल्या फटीत आपला पोरगा पडलाय. आणि कंत्राटी कामगारांचं संरक्षण? १९७० च्या कायद्यात वीस कामगारांची अट होती, नव्या संहितेत ती पन्नास झाली. वायरिंगच्या ठेकेदाराकडं माणसं किती असतात? आठ, दहा. म्हणजे वीसमध्येही नव्हता, पन्नासमध्येही नाही. कायदा त्याच्या डोक्यावरून गेला.

हे कुठंतरी बघितल्यासारखं वाटत नाही? महारकी आठवा. काम सरकारचं. सारा गोळा करताना पळायचं, टपाल पोचवायचं, साहेबाच्या घोड्यापुढं धावायचं. आणि पोटाला द्यायचं कुणी? गावानं, त्याच्या मर्जीनं, खळ्यावर. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाचं बिल आणताना बाबासाहेबांनी नेमक्या याच गाठीवर घाव घातला होता. ज्याचं काम त्यानं पगार द्यावा. वतनं गेली १९५८ च्या कायद्यानं. पण गाठ सुटली का? आज वीज सरकारनं नियंत्रित केलेली, परवाना सरकारच्या शिक्क्याचा, आणि मजुरी ठेकेदाराच्या मर्जीची. बलुतं बदललं, खळं तेच.

आता खांबावर चढू. १९६० चं राज्य वीज मंडळ २००५ साली तोडलं, त्यातून महावितरण झालं. तिथं कायम नोकरी म्हणजे बिंदुनामावली आली, आरक्षण आलं, बॅकलॉग मागता आला. म्हणून तर आपली एक पिढी लाइनमन होऊन चाळीतून बाहेर पडली. आता दार कसं उघडतं बघा. डिसेंबर २०२३ च्या जाहिरातीत विद्युत सहाय्यकाच्या ५३४७ जागा होत्या. मानधन पहिल्या वर्षी १५,००० रुपये, दुसऱ्या वर्षी १६,०००, तिसऱ्या वर्षी १७,०००. पगार नाही, मानधन! जिवंत तारेशी खेळणाऱ्याला मान द्यायचा आणि धन राखून ठेवायचं. ही तरी बरी बाजू, कारण इथं आरक्षण आहे. ठेकेदारामार्फत घेतलेल्या माणसाला तेही नाही. ठेकेदाराला बिंदुनामावली नसते. काम आउटसोर्स झालं की आरक्षण रद्द करायची गरजच उरत नाही. २०२३ साली शासनानं बाहेरच्या एजन्सीकडून माणसं भरायचा निर्णय काढला, ओरड झाल्यावर ऑक्टोबरात मागं घेतला. कागद मागं गेला, रीत चालूच आहे.

आणि खांबावर जीव कसा जातो? फीडर बंद केला, लाइन क्लिअर मिळाला, तरी तार मेली असं नसतं. एखाद्या सोसायटीच्या जनरेटरचा चेंजओव्हर नीट नसला की उलटा करंट तारेत येतो. म्हणून काम करायच्या जागेच्या दोन्ही अंगांना डिस्चार्ज रॉड लावून तार जमिनीशी जोडायची असते. तो रॉड, ते रबरी हातमोजे, तो कमरेचा पट्टा, आणि खाली उभा राहणारा दुसरा माणूस, याला पैसे लागतात. स्वस्तात स्वस्त टेंडर घेणारा पहिली काटछाट इथंच करतो. इमारतीतही तेच. आग लागली की पेपरात दोन शब्द येतात, शॉर्ट सर्किट. जणू तार आपणहून पेटली! एसीच्या पॉइंटला जाड तार लागते, तिथं लाइटच्या पॉइंटची दीड एमेमची कुणी ओढायला लावली, ते कुणी छापत नाही. तपासाला माणूस आला की बोट कुणाकडं जातं? शिडीवरच्याकडं.

४ जानेवारी २०२३ ला तिन्ही वीज कंपन्यांचे कर्मचारी संपावर गेले. भांडणाचं मूळ परवाना. अदानींच्या कंपनीनं मुलुंड, भांडुप, ठाणे, नवी मुंबई या पट्ट्यात समांतर वितरणाचा परवाना मागितला होता. त्याच दिवशी उपमुख्यमंत्र्यांसोबत बैठक, आश्वासन, संप मागं. संप योग्यच होता. पण कंपनीच्या परवान्यावर राज्य हललं. वायरमनच्या परवान्याला भाव मिळावा म्हणून एक वॉर्ड तरी हलला का?

दोस्तांनो, बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते, हे आपण भाषणात सांगतो. त्याच खात्यात वीज होती, हे कितीजण सांगतात? २५ ऑक्टोबर १९४३ ला वीज विकासाच्या धोरण समितीपुढं त्यांनी मांडलं की उद्योगांशिवाय या देशाची गरिबी हटत नाही, आणि मुबलक, स्वस्त विजेशिवाय उद्योग उभे राहत नाहीत. ११ एप्रिल १९४६ ला किमान वेतनाचं विधेयक मांडलं तेही त्यांनीच. एकाच टेबलावर एका बाजूला वीज होती, दुसऱ्या बाजूला मजुरी. राज्यकर्त्यांनी ते टेबल करवतीनं मधोमध कापलं. वीज एका खात्यात, मजुरी दुसऱ्यात.

काही मित्र म्हणतात, परवान्याची भानगडच नको, गरीब पोराला परीक्षा देणं जमत नाही. चूक. परवाना काढून टाकला तर मरणारा आपलाच असेल आणि भाव आणखी पडेल. परवाना हवाच. फक्त त्याचं दुसरं टोक मजुरीला बांधायचं.

म्हणून मागणी अशी:

१. ठेकेदाराच्या लायसन्सचं नूतनीकरण करायचं तर परवानाधारकांचा हजेरीपट आणि बँकेतून दिलेल्या पगाराचा पुरावा जोडलाच पाहिजे.

२. परवानाधारक तारतंत्री म्हणजे कुशल कामगार. त्याला अकुशल दाखवणाऱ्याचं लायसन्स रद्द.

३. टेस्ट रिपोर्टवर प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं नाव आणि परवाना क्रमांक.

४. माथाडींना १९६९ च्या कायद्यानं मंडळ मिळालं. मालक मजुरी आणि लेव्ही मंडळात भरतो, मंडळ कामगाराला देतं. ठाणे जिल्ह्यातल्या वायरमनांना तसंच मंडळ.

मागण्या मंत्रालयात पोचतील तेव्हा पोचतील. सुरुवात आपल्या वस्तीतून करा. १४ एप्रिलला चौकाचौकात रोषणाई होते. मंडप डेकोरेटरला मंडळं हजारांनी मोजतात. शिडीवर, अनवाणी, दातांनी वायर सोलणाऱ्या पोराच्या हातात किती पडतात? जयंती मंडळांनो, ठरावात लिहा: रोषणाईचं काम परवाना असलेल्यालाच, कुशल कामगाराच्या दरानं, पावतीवर, पायात बूट आणि हातात हातमोजे असतील तरच. जो डेकोरेटर ऐकणार नाही त्याला काम नाही. एवढं करायला कुठला मंत्री लागत नाही.

आणि ज्यांनी आयटीआय केलीय त्यांनी रविवारी विहारात जमा. सर्टिफिकेट आणा, परवाना असेल तर तो आणा, मागच्या महिन्यात किती रोज भरले आणि किती पैसे मिळाले ते कागदावर लिहून आणा. बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीला नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला लागतो आणि त्या यादीत वायरिंगचं काम येतं, हे किती जणांना ठाऊक आहे तेही मोजू. यादी झाली की सगळे मिळून आधी कामगार कचेरीत जाऊ, तिथून विद्युत निरीक्षकाकडं. दोन्ही टेबलांवर एकच यादी ठेवू.

जयभीम.